टंचाईच्या काळातील सवयीचा बाजार : चहा, कॉफी, खर्रा आणि यवतमाळ जिल्हा

प्रश्नाची मांडणी

उत्पन्न घटले की माणूस खर्चाला कात्री लावतो, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक गृहीतक आहे. परंतु काही पदार्थांच्या बाबतीत हे गृहीतक पुरेसे ठरत नाही. चहा, कॉफी, तंबाखू, सुपारी आणि दारू हे पदार्थ शरीराला कमी-अधिक प्रमाणात सवय लावतात, त्यामुळे त्यांची मागणी मिळकतीबरोबर तितक्याच वेगाने खाली येत नाही आणि विक्रेत्याच्या दृष्टीने मंदीच्या काळात त्यांचे सेवन करणारा माणूस हेच सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक ठरते. भाव कोसळलेले, निर्यात अडलेली किंवा ग्राहकाची ऐपत घटलेली असताना अशा पदार्थांचे उत्पादक आणि विक्रेते नेमके काय करतात, त्यांच्या विक्रीच्या रीतीत व्यसनशीलतेचा वाटा किती आणि जाहिरातीचा किती, तसेच त्याचा भार कोणावर पडतो, या प्रश्नांवर गेल्या शतकभरात बरीच चर्चा झाली आहे. ती चर्चा आज कोणत्या टप्प्यावर उभी आहे, याचा आढावा यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात येथे घेतला आहे.

हा जिल्हा निवडण्यामागे दोन कारणे आहेत. कोरडवाहू कापसावर अवलंबून असलेल्या या सोळा तालुक्यांच्या जिल्ह्यात टंचाई ही अपवादात्मक घटना नसून वर्षाच्या चक्रात पुन्हा पुन्हा येणारी अवस्था आहे. शिवाय, चहाचे कॅन्टीन, पानठेला आणि देशी दारूचे दुकान हे तिन्ही व्यवसाय येथे एकाच मजुरीवर आणि अनेकदा एकाच रस्त्यावर चालतात, तरीही कायद्याने, करव्यवस्थेने आणि संशोधनाने त्यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले आहे. कॉफी हा या भागातील रोजचा पदार्थ नाही. ती लग्नसमारंभातून आणि लहान पुड्यांतून आली. मात्र कठीण काळात सवयीचा बाजार कसा उभारला जातो, याची सर्वांत स्पष्ट नोंद कॉफी आणि चहा यांच्याच इतिहासात सापडते, म्हणून सुरुवात तेथून करणे सोयीचे आहे.

पार्श्वभूमी : मंदीने घडवलेली तलफ

भारतात चहा घरोघरी पोहोचला तो बऱ्याच अंशी मळेवाल्यांच्या अडचणीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आसाम आणि बंगालमधील मळ्यांचे उत्पादन वाढले, भाव घसरले आणि नवी गिऱ्हाइके शोधण्याची निकड निर्माण झाली. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून निर्यात होणाऱ्या चहावर अल्प उपकर बसवण्यात आला आणि त्यातून जमणारी रक्कम चहाच्या प्रचारासाठी ‘इंडियन टी सेस कमिटी’च्या हाती देण्यात आली. आरंभी या समितीचे लक्ष मुख्यतः परदेशी बाजारपेठांकडे होते, कारण हिंदुस्थानी माणूस चहा पिईल अशी अपेक्षा फारशी कोणी बाळगली नव्हती. त्या काळी महाराष्ट्रात चहाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाई, हे १८९० सालच्या पुण्यातील पंचहौद मिशनच्या प्रकरणावरून दिसते. तेथे चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग आला होता. अर्थात, तो वाद मिशनऱ्यांच्या हातचे घेण्याबद्दलचा होता, पण चहा हे तेव्हा घरगुती पेय नव्हते एवढे त्यातून निश्चित कळते.

खरा बदल १९३० च्या दशकातील जागतिक मंदीने घडवला. चहाचे भाव कोसळल्यावर १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज यांच्यात निर्यात मर्यादित ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि परदेशी न जाणारा माल देशातच खपवणे भाग पडले. सेस कमिटीचे १९३७ मध्ये ‘इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड’ झाले, त्या सुमारास प्रचाराने संघटित मोहिमेचे रूप घेतले होते. रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणाऱ्या इनॅमलच्या पाट्या लागल्या, बाजारांत आणि गल्लीबोळांत प्रात्यक्षिके करून फुकट पेले वाटले गेले, गिरण्या-कारखान्यांतील कामगारांपर्यंत चहा नेण्यात आला आणि एका पैशाची पुडी विक्रीला आली. फिलिप लुटगेंडॉर्फ या अभ्यासकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘चाय’विषयक निबंधात या मोहिमेचा तपशीलवार मागोवा घेतला आहे. ग्राहकाच्या आवडीचा शोध घेण्यापेक्षा ती आवड घडवण्याकडे, आणि त्यासाठी प्रथम पेला फुकट देऊन सवय रुजवण्याकडे, या मोहिमेचा रोख होता. १९३० च्या सुमारास आसामात विकसित झालेली सीटीसी पद्धत, म्हणजे पाने चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करण्याची यांत्रिक प्रक्रिया, स्वातंत्र्योत्तर काळात सर्वदूर पसरली. अशा चहातून थोड्या पुडीत अधिक कप निघतात, रंग कडक येतो आणि दूध-साखर पेलण्याची ताकद त्यात असते. आज भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार-पंचमांश चहा देशातच प्यायला जातो, याचे मूळ त्या मंदीतील शिल्लक मालात आहे.

कॉफीची वाट याला समांतर असली तरी तिचा शेवट वेगळा झाला. मंदीत सापडलेल्या दक्षिणेतील मळेवाल्यांसाठी १९३५ मध्ये कॉफी उपकराचा कायदा झाला आणि त्या निधीतून १९३६ साली मुंबईत पहिले ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केल्यावर १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड अस्तित्वात आले. मळेवाल्यांनी आपला सर्व माल बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावा आणि बोर्डाने तो विकावा, अशी ही व्यवस्था होती व ती टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ पर्यंत टिकली. १९५० च्या दशकात बोर्डाने कॉफी हाउस बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन करून १९५७ पासून ती स्वतः चालवायला घेतली. मंदीत माल खपवण्यासाठी निघालेली दुकाने अशा रीतीने कामगारांच्या मालकीची झाली. कॉफी मात्र चहासारखी खेडोपाडी पसरली नाही आणि आजही देशातील कॉफीचा मोठा हिस्सा निर्यात होतो. महाराष्ट्रात कॉफीची लागवड सांगता येते ती शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला, आणि तीही अगदी मर्यादित प्रमाणात.

या इतिहासाचा एक धागा थेट यवतमाळशी येऊन जुळतो. आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील निर्यात-कोट्याची पद्धत १९८९ मध्ये मोडली आणि २००१-०२ च्या सुमारास कॉफीचे जागतिक भाव तळाला गेले. त्या वर्षांत केरळमधील वायनाडचा कॉफी-मिरी पिकवणारा शेतकरी कर्जात बुडत असताना शहरांतील कॉफीगृहांच्या साखळ्या वाढत होत्या. ऑक्सफॅम या संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा विषय हीच विसंगती होती. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या ३१ जिल्ह्यांसाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात कॉफीचा वायनाड आणि कापसाचा यवतमाळ एकाच यादीत होते. सवयीचा पदार्थ पिकवणाऱ्यालाही त्या सवयीचे संरक्षण मिळत नाही, ही गोष्ट विक्रेता आणि उत्पादक यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

पदार्थ आणि त्यांची पकड

‘व्यसन’ हा शब्द मराठीत चहापासून दारूपर्यंत सरसकट वापरला जातो, त्यामुळे येथे थोडा भेद करणे आवश्यक आहे. वैद्यकशास्त्रात ‘अवलंबित्व’ म्हणजे पदार्थावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा त्याला अग्रक्रम मिळणे आणि अपाय दिसत असूनही सेवन चालू राहणे. तर ‘वियोगलक्षणे’ म्हणजे पदार्थ एकाएकी थांबवल्यावर उद्भवणारा शारीरिक-मानसिक त्रास. चहा-कॉफीतील कॅफिन हे द्रव्य मेंदूला थकव्याची जाणीव करून देणाऱ्या ॲडेनोसिनची वाट अडवते. नियमित पिणाऱ्याने ते सोडले की डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड अशी वियोगलक्षणे दिसतात आणि ती वैद्यकीय वर्गीकरणात मान्य आहेत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात कॅफिनचे ‘अवलंबित्व’ असा स्वतंत्र विकार धरलेला नाही, आणि अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीने ‘कॅफिन वापर विकार’ पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला आहे.

तंबाखूतील निकोटिनचे स्थान निर्विवाद आहे. सुपारीबद्दलची सर्वसामान्य समजूत मात्र अजूनही सौम्य आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच, तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते असा निर्वाळा दिला असून, तोंड हळूहळू उघडेनासे होण्याचा विकार प्रामुख्याने सुपारीशी जोडलेला आहे. दारूच्या बाबतीत तर तीव्र अवलंबित्व असलेल्या माणसाने ती अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकते. म्हणजे चहा आणि खर्रा (घोटलेल्या सुपारी-तंबाखूची पुडी) यांना एकाच तागडीत टाकणे शास्त्राला धरून नाही. विक्रीच्या रीतीत मात्र त्यांचे साम्य विलक्षण आहे आणि या लेखाचा मुख्य रोख त्या साम्याकडे आहे.

विक्रीची रीत

पहिली आणि सर्वांत परिणामकारक रीत म्हणजे नग लहान करणे. एका पैशाच्या चहापुडीने जे १९३० च्या दशकात साधले, तेच पुढे एक-दोन रुपयांच्या कॉफीपुडीने, पाच रुपयांच्या चहापुडीने, नव्वद मिलीच्या देशी दारूच्या शिशीने आणि सुट्या बिडी-सिगारेटने साधले. महिन्याचा खर्च एकदम दिसला तर माणूस विचार करतो. दिवसाच्या मजुरीतून जाणारे दहा-वीस रुपये हिशेबात येत नाहीत. भाव वाढले तरी पुडीची किंमत तीच ठेवून आतील वजन घटवण्याची प्रथा याच तर्कावर चालते. चहा, कॉफी यांसारख्या काही वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनांतच विकण्याचे बंधन वजनमापांच्या नियमांत होते. २०२२ मध्ये ते काढून त्याऐवजी दर ग्रॅमची किंमत छापण्याची अट आणली गेली. ग्राहकाला तुलना करता यावी हा त्यामागील हेतू रास्त आहे, मात्र हातात पाच रुपये असलेल्या माणसाला त्या तुलनेचा किती उपयोग होतो, ही शंका उरते.

दुसरी रीत भेसळीच्या नव्हे तर कायदेशीर मिश्रणाच्या मार्गाने जाते. कॉफीत चिकोरी, म्हणजे कासनी या वनस्पतीच्या मुळाची भाजलेली पूड, मिसळण्यास भारतात परवानगी असून अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. चिकोरीत कॅफिन नसते, रंग आणि कडवटपणा असतो. कॉफी महागली की स्वस्त मिश्रण पुढे सरकते. येथे एक बारकावा आहे, ज्याकडे टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही : टंचाईत विक्रेता प्रत्येक वेळी अधिक व्यसनशील पदार्थ देतो असे नाही, उलट या प्रकारात उत्तेजक द्रव्य घटते आणि टिकते ती चव व सवयीचा विधी. याच्या नेमके उलट उदाहरण ‘एनर्जी ड्रिंक’ या नावाने मिळणाऱ्या कॅफिनयुक्त गोड पेयांचे आहे. वीस रुपयांच्या बाटलीमुळे ती ग्रामीण किराणा दुकानांपर्यंत पोहोचली आणि शाळेच्या ५०० मीटर परिसरात त्यांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात करण्यात आली.

तिसरी रीत म्हणजे आडून जाहिरात. दारू आणि तंबाखू यांच्या थेट जाहिरातीस मनाई असल्याने त्याच नावाचा सोडा, वेलची किंवा पानमसाला जाहिरातीत झळकतो. चौथी रीत मात्र कोणत्याही जाहिरातसंस्थेची नव्हे, ती गावातील आहे : उधारी. चहाच्या कॅन्टीनची आणि पानठेल्याची वही ही कापूस विकेपर्यंत चालणारी पतव्यवस्था आहे. बँकेचे कर्ज थकले की नवे मिळत नाही, सावकार तारण मागतो, पण चहा-खर्ऱ्याची वही ओळखीवर चालते. लहान नग आणि ओळखीची उधारी या दोन गोष्टी एकत्र आल्या की उत्पन्न आटल्यावरही सवय खंडित होत नाही, आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीपेक्षा या साध्या व्यवस्थेचा प्रभाव यवतमाळसारख्या जिल्ह्यात अधिक असावा, असा निष्कर्ष उपलब्ध माहितीवरून काढणे वावगे ठरणार नाही.

यवतमाळमधील चित्र

जिल्ह्यातील रोख पैशाचे वेळापत्रक कापसाने ठरते. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, हिवाळ्यात कास्तकाराच्या हाती रक्कम येते आणि मृगाच्या तोंडावर बियाणे-खतांसाठी पुन्हा उसनवारी सुरू होते. जंगलपट्ट्यात उन्हाळ्यातील तेंदूपत्ता आणि मोहफुले ही आदिवासी कुटुंबांच्या मिळकतीची साधने आहेत; तेंदूपत्ता बिडीसाठी जातो आणि मोहफुलांपासून दारूही गाळली जाते. कोलाम, गोंड यांसारख्या समाजांत मोहाचे स्थान आहार, औषध आणि विधी यांतही आहे. म्हणजे हा जिल्हा सवयीच्या पदार्थांचा ग्राहक आहे तसाच कच्च्या मालाचा पुरवठादारही आहे.

खर्रा हा विदर्भाचा खास पदार्थ. भाजलेल्या सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात आणि त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाइकाच्या हाती देतात. महाराष्ट्राने गुटख्यावर प्रथम २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये नवी बंदी आली. या कायद्याखाली अन्नसुरक्षा आयुक्तांना एका वेळी एक वर्षापर्यंतच मनाई करता येत असल्याने तिचे दरवर्षी नूतनीकरण होते. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आल्या. तरी खर्रा कारखान्यात तयार होत नाही, तो गिऱ्हाइकासमोर घोटला जातो. त्यामुळे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापायचा सचित्र इशारा पन्नीवर कधीच येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागील तर्क हाच होता की सुट्या विक्रीत इशारा गळून पडतो. प्रौढांमधील तंबाखू सेवनाचे राज्यातील प्रमाण जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. मात्र त्यात धूरविरहित तंबाखूचा वाटा २४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सगळाच आहे. घट खरी आहे आणि तिची दखल घेतली पाहिजे, पण जे उरले आहे ते नेमके खर्ऱ्याच्या जातीचे आहे.

दारूच्या बाबतीत यवतमाळचे स्थान भूगोलाने ठरवले आहे. ईशान्येला वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे, तर वणीला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ते २०२१ या काळात होती. त्यामुळे यवतमाळ हा शेजारच्या कोरड्या जिल्ह्यांना लागून असलेला ओला जिल्हा राहिला आणि सीमेवरील तालुक्यांतील दुकानांचा धंदा केवळ स्थानिक तलफेवर अवलंबून राहिला नाही. जिल्ह्यात ‘स्वामिनी’ या नावाने महिलांचे दारूबंदी आंदोलन उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील किंवा प्रभागातील महिला मतदारांना मतदानाद्वारे दुकान बंद करण्याचा अधिकार आहे. ‘आडवी बाटली’ या चिन्हाला निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात.

टाळेबंदीने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांत दारूची दुकाने बंद असताना वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने किमान सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत मजुरी करणाऱ्यांचा भरणा होता. पुरवठा बंद करणे आणि अवलंबित्वावर उपचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची तजवीज नसताना पहिली केली तर काय होते, हे या दुर्दैवी घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

प्रमुख मतप्रवाह

पहिल्या मतप्रवाहाचा भर ग्राहकाच्या निवडीवर आहे. गॅरी बेकर आणि केविन मर्फी यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘विवेकी व्यसना’च्या सिद्धांतानुसार सवयीच्या पदार्थाचा ग्राहकही भविष्यातील किमती आणि परिणाम यांचा अदमास घेऊन वागतो, म्हणून किंमत कायमची वाढली तर दीर्घ मुदतीत तोही सेवन कमी करतो. सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मधील पुस्तकात लहान पुडीकडे गरिबाला बाजारात मानाने सामावून घेणारे साधन म्हणून पाहिले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी गरिबांच्या खर्चाचा अभ्यास करताना, कठीण आयुष्यातील चहा, तंबाखू किंवा सणावरचा खर्च हा अविचार नसून कंटाळा आणि ताण यांना दिलेले उत्तर असू शकते, याकडे लक्ष वेधले. उन्हात वेचणी करणाऱ्या मजुराला दुपारचा चहा भूक मागे ढकलण्यासाठी आणि दहा मिनिटे बसण्याची सबब म्हणून लागतो, हे नाकारता येत नाही.

दुसरा मतप्रवाह सार्वजनिक आरोग्याचा. आजार केवळ जंतूंमुळे किंवा व्यक्तीच्या चुकीमुळे होत नसून नफ्यासाठी केलेल्या विक्रीच्या धोरणांतूनही घडतात, या विचाराला अलीकडे ‘आरोग्याचे व्यापारी निर्धारक’ असे नाव मिळाले आहे. अनिल कर्नानी यांनी २००७ मध्ये प्रल्हाद यांच्या मांडणीला दिलेल्या उत्तरात गरीब ग्राहकाला पूर्ण माहिती आणि पूर्ण आत्मनियंत्रण असते हे गृहीतकच तपासले आणि दारू-तंबाखूवरील खर्चाची उदाहरणे दिली. महाराष्ट्रात या मताचे सर्वांत सातत्यपूर्ण काम डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केले. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेला ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम कायदा, गावसंघटना, जागृती आणि उपचार या चारही अंगांना एकत्र बांधतो. या परंपरेच्या मागे गांधींचा विचारही आहे. त्यांनी सेवाग्रामला, म्हणजे यवतमाळच्या सीमेपलीकडेच, अखेरच्या दशकातील बराच काळ घालवला आणि आरोग्यविषयक लेखनात दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीचीही शरीराला गरज नाही असे सांगितले. आजचे आरोग्यशास्त्र चहाबाबत इतके कठोर नाही.

बंदीच्या परिणामकारकतेवर या प्रवाहातही एकमत नाही. चंद्रपूरच्या बंदीचा आढावा घेण्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बंदी उठवली. अवैध विक्री, बनावट दारू आणि गुन्ह्यांत ओढली जाणारी मुले-स्त्रिया ही बंदी उठवण्याची कारणे म्हणून पुढे आली. तर विरोधकांचे म्हणणे असे की दोष अंमलबजावणीचा होता आणि तो दूर करण्याऐवजी उपायच रद्द केला गेला. दोन्ही बाजूंनी दाखवलेल्या अडचणी खऱ्या आहेत.

तिसरा मतप्रवाह शेतीच्या अर्थकारणाकडून येतो आणि यवतमाळमध्ये त्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष धरून प्रकरण मदतीस ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. अशा वेळी ‘व्यसनाधीनता’ हा शेरा कुटुंबाची मदत हिरावणारा ठरू शकतो. म्हणून शेतकरी चळवळीतील अनेकांनी व्यसनाच्या चर्चेकडेच संशयाने पाहिले : भाव, पाणी आणि कर्ज यांची जबाबदारी टाळण्यासाठी दोष बाटलीवर ढकलला जातो, असा त्यांचा आक्षेप आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेसाठी श्रीजित मिश्रा यांनी केलेल्या २००६ च्या अभ्यासात व्यसन हा जोखमीचा एक घटक म्हणून नोंदला गेला, मात्र कर्जबाजारीपणा आणि आर्थिक घसरण यांचे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक होते आणि बहुतेक प्रकरणांत अनेक घटक एकत्र आढळले. या प्रवाहाचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. तरीही व्यसन हे संकटाचे कारण नसून परिणाम आहे, असे मानले तरी त्या परिणामावर कोणाचा तरी धंदा चालतो, हा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच; आणि ‘स्वामिनी’तील स्त्रियांनी तो याच घरांतून विचारला आहे.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत मोठी अडचण वर्गीकरणाची आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत ग्रामीण भारतातील दरडोई खर्चात पान, तंबाखू आणि मादक पदार्थ यांचा वाटा ३.७९ टक्के आढळला. २०११-१२ मध्ये तो ३.२१ टक्के होता. चहा-कॉफी मात्र ‘पेये, उपाहार व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ’ या गटात मोडतात आणि त्या गटाचा वाटा ९.६२ टक्के, म्हणजे तृणधान्यांवरील ४.९१ टक्के खर्चाच्या जवळजवळ दुप्पट आहे. मजुराच्या दिवसात चहा आणि खर्रा एकामागोमाग येतात, आकडेवारीत ते एकमेकांना भेटत नाहीत. करव्यवस्थेतही हेच दिसते : २२ सप्टेंबर २०२५ पासून झटपट कॉफीवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर कॅफिनयुक्त पेये ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेली, आणि दारू या कराच्या बाहेर राहून राज्याच्या उत्पादन शुल्काचा मोठा आधार बनून आहे. एकाच द्रव्याला दोन दर असण्यामागे साखर, वय आणि विक्रीचे लक्ष्य अशी कारणे देता येतात, पण ती स्पष्टपणे मांडलेली नाहीत.

दुसरा प्रश्न विक्रेत्याच्या उपजीविकेचा. शेती तोट्यात गेलेल्या घरातील माणूस कमी भांडवलात सुरू करू शकतो असे धंदे म्हणजे चहाचे कॅन्टीन आणि पानठेला. टंचाईचा बळी आणि टंचाईतील विक्रेता अनेकदा एकाच घरात राहतात, त्यामुळे खर्ऱ्यावरील कारवाईचा फटका सुगंधित तंबाखूच्या पुरवठादाराआधी ठेलेवाल्याला बसतो. दारूसाठी स्त्रियांना मतदानाचा अधिकार आहे, तसा गावाने सामूहिक निर्णय घेण्याचा मार्ग खर्ऱ्यासाठी असावा काय, आणि असल्यास ठेल्यावर दुसरे काय विकले जाईल, यावर धोरणकर्त्यांत पुरेशी चर्चा झालेली नाही.

तिसरा प्रश्न कार्यकारणाचा आहे आणि तो संशोधनाने सुटू शकतो. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये तमिळनाडूतील ऊस उत्पादकांची कापणीपूर्वी आणि कापणीनंतर चाचणी घेतली, तेव्हा तोच शेतकरी पैशाच्या ओढीत असताना विचारशक्तीच्या कसोट्यांत मागे पडलेला दिसला. हा निष्कर्ष सवयीच्या खर्चाला लागू होतो काय, हे पाहण्यासाठी यवतमाळचे कापसाचे वर्ष उपयोगी आहे. त्याच कुटुंबांचा चहा, खर्रा आणि दारूवरील खर्च, रोखीचा वेगळा आणि वहीतला वेगळा, एकदा मृगाच्या तोंडावर व एकदा कापूस विकल्यावर नोंदवला, तर टंचाईत सवय घटते, फक्त लहान नगात विभागली जाते, की उधारीत दडून वाढते, या तीन शक्यतांपैकी कोणती खरी हे सांगता येईल. विद्यापीठांचे समाजकार्य विभाग आणि ग्रामसभा यांना मिळून असे काम हाती घेता येण्याजोगे आहे, आणि त्यात कुटुंबातील स्त्रीचे उत्तर पुरुषाच्या उत्तरापासून स्वतंत्रपणे नोंदवणे ही पहिली अट असावी लागेल.